सोजरामावशीची तीन पाणी

ती गोधडी मी धुतली नव्हती. एकदासुद्धा नाही. हे वाक्य मी आजवर कुणापुढं उच्चारलेलं नाही. बायकोपुढं नाही, बहिणीपुढं नाही, आणि जिला ते सांगायला हवं होतं त्या सोजरामावशीपुढं तर नाहीच. चौदा वर्षं झाली. मी विज्ञानाचा शिक्षक आहे. 'जे दिसलं तेच लिहा, जे दिसायला पाहिजे होतं ते लिहू नका,' असं प्रयोगाच्या तासाला पोरांना सांगताना दरवेळी ते वाक्य घशाशी येतं आणि मी फळ्याकडं तोंड करतो.

पण लिहायचं आहे ते मावशीबद्दल. माझा भाग त्यात येतो, टाळता येत नाही, म्हणून आधीच सांगून मोकळा झालो.

तेव्हा मी झरीच्या शाळेत होतो. बायको-मुलं परभणीला, मुलांच्या शिक्षणासाठी. गुरुजींनी नोकरीच्या गावीच राहायचं हा नियम आमच्यातले बहुतेक जण कागदावर पाळायचे; मी खरोखर पाळला, कारण रोजचे बसचे हिसके मला सोसत नव्हते. बौद्ध वस्तीच्या कडेला एक खोली मिळाली. भिंतीपलीकडं सोजरामावशी.

सामान लावत होतो तोवर ती दारात आली. उंच, वाळकी, पोलक्याच्या काठाला तीन सुया टोचलेल्या, गळ्यात दोऱ्याची गुंडी. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. सरळ पुढं येऊन माझ्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरली, चोळली, बोटं नाकाशी नेली.

"आरारूटची खळ हाय," ती म्हणाली. "जास्त झालंय. मानंला घासत असंल."

घासत होती. परभणीच्या लॉन्ड्रीतून कडक इस्त्री करून आणलेले शर्ट मी घालायचो आणि मानेवर कायम लाल पट्टा असायचा. मी मान हलवली तशी ती हसली.

"शर्टाला लय ताठा हाय गुरुजी. तुमाला न्हाई, ते बरं हाय."

कापडाच्या बाबतीत ती कधी चुकल्याचं मला आठवत नाही. माणसाच्या बाबतीत पहिल्याच दिवशी चुकली.

मावशी गोधड्या शिवायची. तशा त्या गावात पुष्कळ बायका शिवायच्या. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, वर रंगीत तुकडे मांडायचे, धावदोरा घालत कडेकडून मध्यापर्यंत यायचं. पण मावशीची गोधडी दहा जणींच्या गोधड्यांत ओळखू यायची. तिच्या रेघा हलत नसत. चौकोनाचा कोपरा कोपऱ्याला टेकलेला असायचा. कुठं फुगा नाही, कुठं सुरकुती नाही. याचं कारण खळ.

बाकीच्या बायका जुनं कापड आहे तसं घ्यायच्या. मावशी आधी त्याला खळ द्यायची. ज्वारीचं पीठ वस्त्रगाळ करून गार पाण्यात कालवायची, ते उकळत्या पाण्यात धार धरून सोडायची, पळसाच्या काठीनं ढवळत राहायची. काठीवरून थेंब ओघळायच्या ऐवजी पडद्यासारखा सुटला की उतरवायची. मग फडक्यातून गाळून, चिमूटभर तुरटी टाकून, त्यात तुकडे बुडवायची. सावलीत वाळवायचे, पुन्हा पाणी शिंपडून गुंडाळून ठेवायचे, आणि दमट असतानाच पितळी तांब्यात निखारे भरून तो वरून फिरवायचा. बाहेर निघालेला तुकडा पुठ्ठ्यासारखा ताठ. कात्री लावली की सरळ कापला जायचा, धागा निघत नसे, तिरकस ओढला तरी लांबत नसे.

"एवढं कशाला?" मी एकदा विचारलं होतं. "शेवटी गोधडीच ना, अंगाखाली जायची."

तिनं एक बिनखळीचा तुकडा माझ्या हातात दिला आणि मधोमध घडी घालायला सांगितलं. मी घातली. उलगडून पाहतो तर घडी वाकडी. खळीचा तुकडा दिला, त्याची घडी रेघेवर बसली.

"जुनं कापड म्हाताऱ्या माणसावानी असतंय," ती म्हणाली. "इकडं धरलं की तिकडं कलंडतंय. शिवूस्तोवर त्याला कणा द्यावा लागतो."

शिवून झालं की मात्र तो कणा काढून घ्यायचा. या बाबतीत ती फार कडक होती. कोमट पाण्यात तीन वेळा धुवायची, दर वेळी पाणी बदलून. याला ती 'तीन पाणी' म्हणायची. मग दोन्ही अंगांनी उन्हात वाळवून, घडीत कडुलिंबाचा पाला घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. खळ राहिली की कसरीची कीड लागते, झुरळं येतात, उंदीर येतात. कापड कुणी खात नाही, कापडातलं पीठ खातात आणि त्यासोबत कापड जातं. "खळ म्हंजी पाव्हणी," ती म्हणायची. "राबवून घ्यायचं आन वाटं लावायचं. मुक्कामी ठेवायचं न्हाई."

तिला शाळा तिसरीपर्यंतची. पण मी पाहिलेल्या माणसांत तिच्याइतकी चौकस बाई दुसरी नाही. पाऊस यायच्या आधी कापड जड कामून होतं? उकळत्या पाण्यात पीठ थेट टाकलं की गुठळ्या होतात आणि गार पाण्यात कालवून टाकलं की होत नाहीत, ते कामून? मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नसत. मी रविवारी परभणीला जाऊन पुस्तकात बघून यायचो आणि सोमवारी सांगायचो. ती ऐकून घ्यायची आणि मग स्वतः करून बघायची. माझ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. तिला ते डोळ्यांनी बघायचं असायचं.

खळीचे तिनं नाना प्रकार केले होते. साबुदाण्याची चकाकते पण तडकते. तांदळाची पांढऱ्या कापडाला. जयंतीला नेसायचं पांढरं पातळ ती त्याच खळीत काढायची. मेंढरं राखणाऱ्या घरांतल्या बायकांकडून चिंचोके भाजून दळायची रीत शिकून आली, कारण ते लोक घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. महिनाभर सगळी गल्ली चिंचोके भाजल्याच्या वासानं भरली होती. शेवटी तिनं निकाल दिला की चिंचोका लोकरीला बरा, जुन्या सुताला ज्वारीच.

परभणीच्या बाजारात तिच्याबरोबर एकदा गेलो होतो. दुकानदारानं अस्तराचं कापड दाखवलं, ताठ, भरीव. मावशीनं त्याचा कोपरा दोन तळव्यांत धरून ताक घुसळल्यासारखा चोळला. काउंटरवर पांढरी भुकटी पडली.

"आमी पीठ घ्यायला आलो न्हाई दादा," ती शांतपणे म्हणाली. "गिरणी हाय आमच्या गावात."

दुकानदारासकट सगळे हसले. बाहेर आल्यावर मला म्हणाली, हे लोक खळ विकतेत आन कापड फुकट देतेत. एकदा तर गावातल्या एका मयतीत, सगळे गप्प बसलेले असताना, मांजरपाट फाडणाऱ्या माणसाला तिनं हळूच सांगितलं होतं की नवं हाय, खळीचं हाय, आडवं फाडू नगा, उसवंल.

तिच्या प्रश्नांना मी दिलेलं सगळ्यांत चांगलं उत्तर म्हणजे टिंक्चर आयोडीन. औषधाच्या डब्यातली छोटी बाटली घेऊन गेलो, पाण्यात थोडं पातळ केलं आणि खळीच्या तुकड्यावर थेंब टाकला. तांबडा थेंब पडता पडता निळाकाळा झाला. मग धुतलेल्या तुकड्यावर टाकला, तो तांबडाच राहिला. मावशी उकिडवी बसली होती, ती खालीच बसली. मग भाकरीवर टाकून बघितलं, बटाट्यावर बघितलं, भिंतीच्या चुन्यावर बघितलं, सुनेच्या, मीनाच्या, हातावर बघितलं. मीना ओरडली तशी म्हणाली, "गप. तुज्यात खळ न्हाई, एवढंच बगायलेय." बाटली मी तिथंच ठेवून आलो. आठ दिवसांत ती संपली.

आता माझा भाग.

माझी आई गेली तेव्हा तिची सात लुगडी निघाली. माझी बहीण सुनंदा चारठाण्याला दिलेली. तिला आईच्या लुगड्यांची गोधडी हवी होती. मी ती लुगडी मावशीकडं आणली. तिनं एकेक पदर उजेडात धरून बघितला आणि आईबद्दल विचारू लागली. डाव्या खांद्यावर घागर घ्यायची का? बसताना उजवा गुडघा उभा ठेवायची का? दोन्ही बरोबर होतं. कापड कुठं विरलंय त्यावरून तिला कळलं होतं. आईबद्दलचं इतकं मलासुद्धा आठवत नव्हतं.

दोन महिने तिनं ती गोधडी शिवली. मधोमध आईच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा चौकोन, भोवती बाकीच्यांच्या पट्ट्या. शेवटचा टाका घातला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा नंबर लागला. महिनाभर वाकायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही, डोळ्यात उडता कामा नये. मीना तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेलेली. मावशीनं आयुष्यात पहिल्यांदा एक गोधडी न धुता दुसऱ्याच्या हातात दिली. ती माझ्या.

"तीन पाणी, गुरुजी," ती डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली असताना म्हणाली. "कोमट. दर बारीला नवं. इसरू नगा."

विसरलो नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण विसरलो असतो तर बरं झालं असतं. उन्हाळा होता, पाणी चौथ्या दिवशी यायचं, हे खरं आहे, पण निम्मंच. उरलेलं निम्मं असं, की मी ती उलगडली तेव्हा ती इतकी ताठ, इतकी नवी दिसत होती की धुऊन ती पुन्हा जुनी करावी असं मला वाटेना. आणि त्याच्याही तळाशी हे होतं, की तीन पाणी हा मला एका न शिकलेल्या बाईचा सोस वाटला. एवढं आयोडीन दाखवून आलेला माणूस मी. तुरटी आहे, लिंबाचा पाला आहे, भाऊबीजेपर्यंत सहा महिन्यांत काय होतंय, असं म्हणून मी ती लोखंडी ट्रंकेत ठेवली. मावशीनं विचारलं तेव्हा झाली म्हणालो.

भाऊबीजेला मी ट्रंक तशीच परभणीला नेली. सुनंदानं ओवाळलं, मी ट्रंक उघडली. आधी वास आला. मग तिनं घडी उचलली आणि तिच्या हातात वरचा पदर आला, बाकीचं खाली राहिलं. झुरळांच्या लेंड्या, कसरीनं केलेली जाळी. आईच्या हिरव्या चौकोनाच्या जागी भोक होतं, त्यातून तळहात आरपार जात होता. सुनंदा रडली नाही. तिनं ते सगळं चादरीत बांधलं. चारठाण्याला जाताना वाटेत झरी लागतंच. म्हणाली, मला त्या बाईच्या दारात घेऊन चल.

गल्लीत सगळ्या बायका होत्या. सुनंदानं चादर सोडून ते मावशीच्या अंगणात टाकलं आणि विचारलं की माझ्या आईच्या लुगड्यांत पीठ भरून ठेवलंस का. मावशी खाली बसली. तुकडे उचलून वास घेतला, चोळून बघितले. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. आरोप करायला नव्हे. तिला खरोखर माहीत करून घ्यायचं होतं.

"गुरुजी, धुतली व्हती ना?"

"धुतली होती."

"तीनदा?"

"तीनदा."

"कोमट पाण्यात?"

मी हो म्हणालो. सुनंदा बघत होती, गल्ली बघत होती. गुरुजींचा शब्द होता, कुणी पुन्हा विचारलं नाही. मावशीनंही नाही. ती तुकड्यांकडं वळली आणि हळू म्हणाली, "मंग माजंच कुटंतरी चुकलं."

त्या सालात तिच्याकडं गोधड्या यायच्या जवळजवळ थांबल्या. तिच्या गोधडीला कसर लागते, ही गोष्ट झरीतून परभणीपर्यंत गेली. लोकांना ती ऐकायला बरी वाटली असावी. इतक्या नीट काम करणाऱ्या बाईचं काहीतरी निघालं म्हणून. मीना चिडायची, सासूला म्हणायची की खळ सोडा, चार जणींसारखं शिवा. मावशीला गिऱ्हाइकांपेक्षा दुसरंच खात होतं. तिला चूक सापडत नव्हती.

तिनं गोडेतेलाचे चार रिकामे डबे घेतले. पहिल्यात खळ न दिलेला तुकडा, दुसऱ्यात खळ देऊन न धुतलेला, तिसऱ्यात तीन पाण्यांचा, चौथ्यात तुरटीशिवायच्या खळीचा, तोही तीन पाणी दिलेला. झाकणांना भोकं पाडून ते चुलीमागं ठेवले, झुरळं येतात तिथं. दर पौर्णिमेला ती ते उघडायची आणि मला भिंतीपलीकडून हाक मारायची. मी जायचो. पोरांना वर्षभर शिकवून जे जमत नाही ते ती बाई चुलीमागं करत होती, एका वेळी एकच गोष्ट बदलून. पावसाळा सरला. दुसऱ्या डब्यातल्या तुकड्याची जाळी झाली, बाकीचे तीन शाबूत.

"सापडंना गुरुजी," ती म्हणायची. "तीन पाण्याचं तर काईच झालं न्हाई. मंग तुमच्या आईचंच कामून खाल्लं?"

मी म्हणायचो, बघू.

मग एके दिवशी तिनं विचारलं की ते निळं करायचं औषध अजून हाय का. मला उमगलं ती काय करणार ते. बाटलीत नुसता कोरा चहा भरून न्यावा असं मनात आलं होतं. रंग तोच दिसतो. न्यायला निघालोही होतो. मग खरी बाटली घेऊन गेलो. धाडस म्हणून नव्हे. मला वाटलं, आता तीच ओळखेल आणि मला सांगावं लागणार नाही.

आईच्या गोधडीचे तुकडे तिनं जपून ठेवले होते. जांभळ्या पट्टीचा एक कोपरा तिनं पाटावर पसरला. थेंब टाकला. तो पडता पडता काळाच झाला. इतका गडद डाग मी शाळेतही पाहिला नव्हता.

आम्ही दोघं त्या डागाकडं बघत बसलो. मग तिनं हात लांब करून तिसरा डबा ओढला, तीन पाण्यांचा तुकडा काढला. तो डागाशेजारी ठेवला. बाटली हातात होतीच. एक थेंब, तो तांबडाच राहिला असता, आणि सगळं कळलं असतं. भाकरीवर, चुन्यावर, सुनेच्या हातावर थेंब टाकून बघणारी बाई ती. तिनं बाटली तिरकी केली, माझ्याकडं बघितलं, आणि बाटली सरळ केली. तुकडा डब्यात परत ठेवला. बूच लावलं.

"झरीचं पाणी जड हाय," ती म्हणाली. "तीन पाण्यात जात नसंल. सात करावं लागतील."

"हो," मी म्हणालो. "पाणी जड आहे."

तिला कळलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. तिनं आयुष्यात एकच गोष्ट करून बघायची टाळली, आणि ती माझ्यासमोर.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. मावशीचं काम हळूहळू परत आलं, पण तिची गोधडी आता सात पाण्यांची झाली होती. 'आमी सात पाणी देतो' हे ऐकूनच लोकांचा विश्वास बसायचा. दहा वर्षांनी, मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात, एका लग्नाला झरीला गेलो तेव्हा तिला शेवटचं पाहिलं. सकाळ होती. ती नळाजवळच्या दगडावर बसली होती, पुढ्यात भिजलेली गोधडी, बाजूला सात खडे मांडलेले. एक पाणी झालं की एक खडा उजवीकडं सरकवायची. बोटांची पेरं सुजून वाकडी झाली होती, गोधडी पिळायला मीना लागायची. मीना हसत मला म्हणाली, "आत्याबाई ऐकत न्हाईत बगा. सात म्हंजी सात."

मावशीनं मान वर केली. नजर कमी झाली होती, पण ओळखलं. हात ओले होते तसेच माझ्या शर्टाकडं आले, कॉलरपाशी थांबले, आणि पाणी लागेल म्हणून मागं घेतले.

"खळ सोडली का गुरुजी?" तिनं विचारलं.

"सोडली," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं.

"बरं केलं," ती म्हणाली, आणि चौथा खडा सरकवला.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. आता गोधड्या मीना शिवते. तीच खळ, तोच धावदोरा, आणि सात पाणी. झरीला उन्हाळ्यात अजूनही पाणी चौथ्या दिवशी येतं. ती ते डोक्यावरून आणते. त्यातली चार पाणी माझ्या खोट्यापायी जातात.

मीनाला सांगायचं आहे की तीन पुरतात, तिच्या सासूची रीत पहिल्यापासून बरोबर होती. सुनंदाला चारठाण्याहून बोलावून त्याच गल्लीत, त्याच अंगणात, सगळ्या बायकांसमोर उभं राहून सांगायचं आहे की ती गोधडी मी धुतली नव्हती. अजून सांगितलेलं नाही.